तांदळाच्या डब्यातला प्याला

घोडपदेव
१२ सप्टेंबर २०२३

प्रिय सुचित्रा, सलाम.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, असं आमच्या सुनेनं, नूपुरनं, माझा मोबाईल बघून सांगितलं. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. नगरचा तुझ्या भावाचा पत्ता म्हाताऱ्या बकुळाबाईंच्या डायरीतून उतरवून घेतला.

आपल्या चर्चच्या मंडळीची बातमी नको असेल तर पुढचं वाचू नकोस. पण तू वाचशील, शब्बाथशाळेपासून ओळखते मी तुला. तू घोडपदेव सोडलंस की भांडण मिटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. कसलं मिटतंय! चर्चमध्ये डावीकडच्या बाकांवर प्यालेवाले बसतात आणि उजवीकडे पेलेवाले. खालच्या मजल्यावरच्या गुणवंतीनं परवा नळावर विचारलं, "काय गो मालन, तुमच्या चर्चात दारूवरना भांडण चालू आसा काय?" काय सांगू तिला? महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनात चांदीचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लावायचा, की करोनानंतर प्रत्येकाला मनुक्यांच्या रसाचा वेगळा छोटा पेला द्यायचा, एवढ्यावरून साठ घरं एकमेकांना सलाम करेनाशी झालीत? म्हटलं, "नाही गं, भांड्यांवरून आहे." ती म्हणाली, "मग आमच्यासारखाच."

मागच्या रविवारी आढाव पाळकांनी चांगलंच झाडलं. म्हणाले, तुम्ही अजून दूधपिती बाळं आहात, तुम्हाला भाकर पचणार नाही. मला वाटलं आता तरी माना खाली जातील. उपासना सुटल्यावर आमच्या ह्यांनी जाऊन त्यांचा हात धरला, "बरं झालं साहेब, उजवीकडच्यांना ऐकवलंत." मागे तुमच्या पेलेवाल्यांची रंजिता उभी होती. ती म्हणाली, "थँक यू पास्टर, लेफ्ट साइडला कुणीतरी बोलायलाच हवं होतं." पाळक बिचारे दोघांच्या हातांतून आपला हात सोडवून घेत होते.

पोलीस चौकीतून अजून काही कळलेलं नाही. प्याला चोरीला गेल्याची तक्रार ज्येष्ठ पंच म्हणून ह्यांनी सही करून दिली आहे, दर महिन्याला जाऊन विचारतात. त्यात तुझं नाव घातलेलं नाही. "जिच्याकडे कपाटाची किल्ली होती ती बाई" असं लिहिलंय. हे म्हणतात, तेवढा सभ्यपणा मी पाळला.

तू परत यावंस असं मला वाटतं. तुझ्या जागेवर कुणी बसत नाही. म्हणजे बसवत नाही कुणाला.

तब्येतीला जप. नगरला थंडी लवकर पडते.

तुझी
मालन

ता. क. सुचित्रा, प्याला माझ्याकडे आहे. तांदळाच्या डब्यात.


घोडपदेव
२ ऑक्टोबर २०२३

प्रिय सुचित्रा, सलाम.

ते पत्र पेटीत टाकलं आणि लगेच फटीतून हात घालून ते परत निघतं का ते बघितलं. निघत नाही. मनगटापर्यंत जातो हात, मग अडकतो. समोरचा पानवाला बघत होता. तीन आठवडे तुझं उत्तर येईल म्हणून, आणि येणार नाही म्हणूनही, धास्तावलेली आहे.

आता सांगायला सुरुवात केलीच आहे तर सांगते. त्या शनिवारी, एक एप्रिलला, तुला माटुंग्याला तुझ्या मामींकडे जायचं होतं म्हणून तू किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, मेज तू मांडून ठेव. मी भाकर घेऊन गेले. कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर सभा होती, मतदान होतं, आणि दोन्ही बाजूंची माणसं बाह्या सरसावून येणार हे मला माहीत होतं. मला वाटलं, प्यालाच नसला तर भांडायचं कशावरून? दोन दिवस लपवावा, डोकी थंड झाली की परत ठेवावा. भांडण टळावं एवढाच हेतू होता. प्याला पिशवीत घातला, वर भाजी ठेवली, कपाट लावलं आणि संध्याकाळी किल्ली तुला परत दिली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला माहीतच आहे. "किल्ली कुणाकडे होती?" असं हे गरजले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पायातल्या चपलेकडे पाहिलं. मग तू म्हणालीस, "माझ्याकडे होती." त्यानंतर दोन दिवस काय आणि दोन वर्षं काय.

परत ठेवायचा प्रयत्न मी केला नाही असं समजू नकोस. जूनमध्ये भाकरीच्या टोपलीत घालून नेला होता. पण कपाटाला आता दोन कुलपं आहेत, एक ह्यांचं आणि एक रंजिताचं. दोघं एकाच वेळी हजर असल्याशिवाय उघडत नाही, आणि हजर असले की एकमेकांच्या हातांवर नजर. टोपली तशीच घरी आणली.

घरात तरी कुठे ठेवू? आमची खोली तुला ठाऊक आहे, पोटमाळ्यावर मुलगा-सून, खाली आम्ही दोघं. माझं स्वतःचं असं एकच ठिकाण, तो तांदळाचा मोठा डबा. सहा महिने मी नूपुरला त्याला हात लावू दिलेला नाही. तिला वाटतं सासू तांदूळ मोजून देते. परवा ती आईला फोनवर हळू आवाजात सांगत होती, "मम्मी, इथे भातसुद्धा विचारून खावा लागतो." मी तीन फुटांवर लसूण सोलत होते. 

आणि आता खरी गंमत ऐक. मे महिन्यापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. कसं घेऊ? ज्या हातांनी तुझ्यावर बालंट आणलं, त्याच हातांनी भाकर घ्यायची? भाकर मीच करते, मेज मीच मांडते, आणि वेळ आली की बाकावर बसून राहते. कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं. तर आमच्या बाजूच्यांनी काय अर्थ लावला माहीत आहे? मालनबाईंनी शपथ वाहिली आहे, प्याला सापडल्याशिवाय त्या प्रभुभोजनाला शिवणार नाहीत! जूनमध्ये चार जणी माझ्यासोबत बसून राहिल्या. काल पहिला रविवार होता, अख्खी डावी बाजू बसून होती. हे मान ताठ करून माझ्याकडे बघत होते. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, एवढ्या कौतुकानं त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या पापाचा यांनी झेंडा केलाय, सुचित्रा. आणि तो धरून मलाच पुढे चालवतायत.

मालन


घोडपदेव
२० ऑक्टोबर २०२३

प्रिय सुचित्रा,

उत्तर नाही. बरोबरच आहे. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

काल पाळकांबरोबर लालबागला बकुळाबाईंच्या घरी गेले होते. एक्याण्णव वर्षांच्या झाल्या. खाटेवरून उठवत नाही, म्हणून पाळक घरीच प्रभुभोजन देतात आणि भाकर घेऊन मी जाते. पाळकांनी डबीतून छोटा पेला काढला. बाईंनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, "हे काय, कान धुवायचं औषध का?"

पाळक हसले आणि त्यांनी वादाची सगळी हकिकत सांगितली. मी भाकरीवरचं कापड उगीच सरळ करत बसले. आमची बाजू काय म्हणते तेही त्यांनी सांगितलं, की आपल्या पूर्वजांनी एकाच प्याल्याचं तत्त्व घालून दिलं, ते मोडायचं नाही.

म्हातारी अशी हसली की मी पाठीवर हात ठेवायला उठले. "कसलं तत्त्व रे बाबा! नगरकडून दुष्काळात आली ती माणसं, गिरणीत लागली. घरात पेलाच एक होता. कल्हईचा. दुसरा असता तर दुसरा वापरला असता की!" मग म्हणाल्या, चांदीचा नंतर झाला. बायकांनी पायांतले वाळे, तोडे काढून दिले. बाईंच्या आईचे तोडे, तुझ्या आजीचे वाळे आणि माझ्या आजीची साखळी, सगळं त्यात आहे.

पाळकांनी विचारलं, तेव्हा कुणाला आजाराची भीती नव्हती का? "नव्हती कशी? येशूदासला क्षय होता. तो म्हणायचा, मी येत नाही मेजापाशी, पोरंबाळं आहेत सगळ्यांची. तर त्याला सगळ्यात शेवटी प्यायला बसवायचे. आणि त्याच्या मागून माझा बाप प्यायचा."

पाळकांना कळलं नाही. मलाही नाही. "मागून का?"

"अरे, नाहीतर तो शेवटचा नसता का राहिला? शेवटच्या माणसाला किती एकटं वाटतं! बाप म्हणायचा, त्याच्यामागे मी आहे."

नंतर त्यांनी त्याच छोट्या पेल्यातून मुकाट्यानं घेतलं. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "मालन, तू घेतलं नाहीस." मी म्हटलं, माझं पोट बरं नाही. त्यांनी हात सोडला नाही. बराच वेळ धरून ठेवला. पाळक खाली जाऊन उभे राहिले होते, म्हणून मला जावं लागलं.

लालबागहून घोडपदेवपर्यंत चालत आले. डोक्यात एकच, राजेशभाऊ. तू त्यांची बायको, पण करोनाच्या वॉर्डात तुला आत सोडलं नाही. काचेपलीकडूनही दाखवलं नाही. शेवटी त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. आणि तू छोटा पेला मागितलास तेव्हा आम्ही म्हणालो, सुचित्राचा विश्वास कमी पडला. ते वाक्य माझं नव्हतं, ह्यांचं होतं. पण मी मान डोलावली होती, आणि तू ते बघितलं होतंस.

मालन


घोडपदेव
६ नोव्हेंबर २०२३

सुचित्रा,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. पोस्टमननं ह्यांच्या हातात दिलं. देवाची कृपा, ह्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. "कुणाचं गं?" म्हणाले. मी म्हटलं, विमा कंपनीचं. आणखी एक खोटं. एका खोट्याला दहा पिल्लं होतात, म्हणतात ते खरं आहे.

चार ओळी आहेत, पाठ झाल्या. तुझ्याच शब्दांत तुला परत लिहिते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल. "कपाट उघडलं तेव्हा प्याला नव्हता, पण वरचं कापड तीन घड्या घालून जागेवर होतं. चोर घड्या घालत बसत नाही. मला पत्रं लिहू नकोस. ज्यांच्यासमोर मी गप्प बसले, त्यांच्यासमोर बोल."

सत्तावीस वर्षं ते कापड मी धुतलं आणि तू इस्त्री केलंस. तू चार घड्या घालायचीस, मी तीन. यावरून आपण किती भांडलो आहोत! चोरी करतानासुद्धा हात आपल्या वळणावर गेला. म्हणजे त्या रविवारी तू माझ्याकडे पाहिलंस ते संशयानं नाही. तुला माहीत होतं. मी उठून बोलेन म्हणून तू वाट पाहत होतीस, आणि मी बोलले नाही तेव्हा माझी लाज तू स्वतःवर घेतलीस. सात महिने वाट पाहते आहेस.

तर आता खरं सांगते. भांडण टळावं म्हणून प्याला लपवला, असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. तू जिंकणार होतीस म्हणून लपवला.

मार्चमधली महिला मंडळाची बैठक आठवते? तू पेल्यांबद्दल बोललीस. शाळेत मुख्याध्यापक होतीस, बोलणं तुला येतंच. सगळ्या माना हलवत होत्या. मी म्हटलं, "पण आजीची साखळी आहे गं त्या प्याल्यात." तू माझ्या खांद्यावर थोपटलंस आणि म्हणालीस, "मालन, हे तुला नाही कळायचं." कुणाला ते ऐकूही गेलं नसेल. मला अजून ऐकू येतं. मंडळीत सत्तावीस वर्षं भाकर केली, पण कुठल्याच गोष्टीवर मला कुणी मत विचारलेलं नाही. घरात ह्यांनी नाही, बाहेर पंचांनी नाही. तू एकटी विचारायचीस, आणि त्या दिवशी तूही थोपटलंस. पिशवीत प्याला घालताना मला भीती वाटली नाही, सुचित्रा. बरं वाटलं. उद्या सगळे तुझ्या बोलण्यावर माना हलवायला येतील तेव्हा ज्यावर मत द्यायचं तेच उरणार नाही, असं वाटलं. चौसष्टाव्या वर्षी असा पोरकटपणा. दूधपितं बाळ उजवीकडे किंवा डावीकडे नव्हतंच, मेज मांडत होतं.

तू म्हणतेस बोल. कशी बोलू? ह्यांनी तक्रारीवर सही केली आहे. भर सभेत तुला काय काय बोलले. मी तोंड उघडलं की त्यांची चाळीस वर्षांची पंचगिरी धुळीला मिळेल, आणि मला ह्याच खोलीत, ह्याच माणसासमोर ताट वाढायचं आहे. कुठे जाऊ? तुला नगरला भाऊ आहे. मला कोण आहे? हे लिहिताना माझाच राग आला. तुला तिथे मी धाडलं.

काल पहिला रविवार होता. आता उजव्या बाजूच्या सात जणी पण बसून राहिल्या. का, तर मालनबाई एवढं करतात तर प्याला सापडावा असं आम्हालाही वाटतं. पाळक भाकर हातात घेऊन मोकळ्या वाटेत उभे होते. घ्यायला पुढे आली ती तेरा माणसं. मी केलेली भाकर उरली.

मालन


घोडपदेव
४ डिसेंबर २०२३

प्रिय सुचित्रा, सलाम.

तू पत्रं लिहू नकोस म्हणाली होतीस. हे शेवटचं, आणि हे लिहायचा मला हक्क आहे, कारण काल मी बोलले.

शनिवारी सकाळी नूपुरला हाक मारली आणि तांदळाचा डबा तिच्यासमोर उघडला. कोपरापर्यंत हात घालून प्याला बाहेर काढला. तिनं आधी डब्यात वाकून बघितलं. मग म्हणाली, "मम्मी, म्हणजे तुम्ही तांदूळ मोजत नव्हता?" आणि मला मिठी मारून रडायला लागली. चोरीपेक्षा तिला त्याचाच आनंद जास्त झाला होता. ह्यांना सांगायला मात्र जीभ रेटली नाही. तेवढी भित्री मी राहिलेच.

रविवारी भाकरीच्या टोपलीत प्याला घेऊन गेले. साक्षीच्या वेळी पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? सत्तावीस वर्षांत मी कधी उठले नव्हते. उठले तशी डावीकडून कुजबुज झाली, आता शपथेबद्दल सांगणार. हे सरसावून बसले. मी टोपलीवरचं कापड बाजूला केलं, प्याला काढला आणि मेजावर ठेवला. ठेवताना त्यातून तांदळाचे दाणे घरंगळले. दाणे पडल्याचं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

मी म्हटलं, "हा मी घेतला होता. एक एप्रिलला किल्ली माझ्याकडे होती, सुचित्राकडे नाही. तिला ते ठाऊक होतं आणि ती माझ्यासाठी गप्प राहिली. मी तिच्या हेव्यानं घेतला. मी शपथ वगैरे काही वाहिलेली नाही, प्रभुभोजन घ्यायची मला लाज वाटत होती." आणखी सांगायचं ठरवलं होतं, ते आठवलं नाही. खाली बसले.

मग जे झालं ते तुला बघायला मिळायला हवं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही बाजूंचं एकमत झालं, माझ्यावर. डावीकडचे ओरडले, उजवीकडचे ओरडले, आणि ओरडता ओरडता मधल्या वाटेत एकत्र आले. दीपेश आणि त्याचा सख्खा चुलता एप्रिलपासून बोलत नव्हते. ते खांद्याला खांदा लावून मला विचारत होते, मंडळीला काय समजलात तुम्ही? मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. तिसऱ्यांदा तेच म्हटल्यावर ते दोघं मागे सरले. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. रंजिता रडत होती. म्हणाली, "सुचित्रा मॅडमना आपल्यातल्या एकानंसुद्धा फोन केला नाही. मीही नाही. मला वाटलं, त्यांनी घेतलाच असेल." उजवीकडच्या बाकांवर मग बराच वेळ कुणी वर बघितलं नाही.

पाळकांनी मेज आवरलं. म्हणाले, जिला आपण घालवलं ती येईपर्यंत हे मांडायचं नाही. मी म्हटलं, साहेब, असं करू नका, तिच्यावर ओझं टाकू नका, येणं न येणं तिची मर्जी. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा हे ओझं माझं नाही एवढं समज. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी त्यांना समजावीन, आता मला बोलता येतं. बकुळाबाईंनी त्यांच्या बापाबद्दल सांगितलं तेही मी उपासनेनंतरच्या सभेत सांगितलं. प्याला की पेला यावर मत द्यायला मग कुणी हात वर केला नाही. त्याचा निर्णय अजून व्हायचाच आहे. भांडतील पुन्हा, मी काही आशेवर नाही.

ह्यांच्याबद्दल सांगायचं राहिलं. घरी आले, पण जेवले नाहीत. आज सकाळी रविवारचा कोट घातला आणि दारात उभे राहून म्हणाले, "चल. सही माझी आहे, पण एकट्याला जायला पाय उचलत नाही." आम्ही दोघं चौकीवर गेलो. हवालदारानं तक्रार वाचली, माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "घरातच होय?" हे म्हणाले, "होय, घरातच." मग त्या कागदावर "जिच्याकडे किल्ली होती ती बाई" या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी हवालदाराला तुझं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाले, "या बाईंची मला माफी मागायची आहे, ते यात कुठे लिहितात?" हवालदार म्हणाला, त्याला रकाना नाही. परत आल्यापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. रात्री काय होईल, उद्या काय होईल, मला माहीत नाही. खोली तेवढीच आहे. पण डबा उघडा आहे, आणि आज भात नूपुरनं लावला.

या पाकिटात प्याल्यावरचं कापड घातलं आहे. धुतलंय, पण इस्त्री केलेली नाही आणि घडी घातलेली नाही. ते तुझं काम. चार घाल.

सात जानेवारीला पहिला रविवार आहे. आलीस तर छोट्या पेल्यातून घे, प्याल्यातून घे, नाहीतर नुसती येऊन बस. वाटलं तर सगळ्यांच्या शेवटी घे. तुझ्यामागे मी आहे.

मालन